दाण्यांना लागलेला वास

"हात पुढे कर."

रोज सकाळी दहाला सर एवढंच म्हणायचे. मी हात पुढे करायची. आधी पालथे, मग उताणे. सर वाकून हुंगायचे. बोटांची टोकं, नखांच्या कडा, मग तळवा. भाजलेले दाणे ओंजळीत घेऊन हुंगायचे, अगदी तसेच. डोळे मिटून, मन लावून. मग मान हलवायचे. कधी "ठीक आहे, जा." कधी "परत धुऊन ये."

परत धुऊन ये म्हणजे मागच्या मोरीवर जायचं. आधी लिंबाची फोड, मग साबण, मग कॉफीचा ओला चोथा कोपरापर्यंत चोळायचा. लिंबानं नखांच्या कडा झोंबायच्या. धुऊन आलं की पुन्हा हात पुढे. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. काउंटरवर प्राची असायची, माझ्याच वयाची, फ्लॅटमध्ये राहणारी. ती तेवढा वेळ खाली बघून पुड्यांना चिठ्ठ्या चिकटवायची. तिचे हात कधी कुणी हुंगले नाहीत. ती वेणीत गजरा माळून यायची, मनगटावर सेंट मारून यायची, डब्यात अंड्याची पोळी आणायची.

सोमवारची सुट्टी सोडून रोज. दीड वर्ष. आणि लाज वाटते ती त्या हुंगण्याची नाही. मला ते बरोबर वाटत होतं, याची वाटते.

दुकान माणिकपूरला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर. दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. चहा तेव्हाही पावलोपावली मिळायचा. पण कच्चे दाणे पोत्यानं आणून, गिऱ्हाइकासमोर भाजून, दळून देणारं दुसरं दुकान मी तरी वसईत पाहिलं नव्हतं. काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या, त्यावर चिकमगळूर, कूर्ग अशा चिठ्ठ्या. चार उंच स्टुलं. आलेल्याला आधी पितळेच्या छोट्या पेल्यात चव द्यायची, मग पुडा बांधायचा. मालकांना सगळे सर म्हणत. जवळच्याच गिरीज गावचे, जुन्या बागायतदार घराण्यातले, केळी-नारळाची वाडी असलेले. बंगलोरला मोठ्या कंपनीत होते, तिथून परतताना कॉफीचं वेड घेऊन आले. बोलायला गोड. आवाज कधी चढला नाही त्यांचा. चढला असता तर कदाचित मला लवकर समजलं असतं.

मी अर्नाळ्याची. मांगेल्यांची, म्हणजे कोळ्यांचीच पोर म्हणा. आई सुकी मासळी घेऊन विरारच्या बाजारात बसायची. मी दहावी झाले होते आणि एकच ठरवलं होतं, डोक्यावर पाटी घ्यायची नाही. 'दाणे निवडण्यासाठी मुली पाहिजेत' ही पाटी मी एस.टी.तून पाहिली, पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत मागे गेले.

सरांनी परीक्षा घेतली. ताटभर कच्चे दाणे समोर ठेवले. फुटके, काळे, किडके बाजूला काढायचे. माझ्या आधी आलेल्या दोघींचा अर्धा तास गेला होता. मी दहा मिनिटांत ताट पुढे सरकवलं. सरांनी चाळून पाहिलं, एक दाणा चुकला नव्हता. ते खूश झाले. म्हणाले, कुठं शिकलीस हे.

मी खरं सांगितलं. अगदी अभिमानानं. म्हटलं, सर, आम्ही जवळा निवडतो. बारीक सुकी कोळंबी असते ना, तिच्यातून शिंपल्याचे तुकडे, खेकड्याची पिल्लं, खडे वेचून काढायचे. लहानपणापासून हेच करतो. त्यापुढे तुमचा दाणा म्हणजे भोपळाच.

मी हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला, पण त्या वेळी वाटलं, काहीतरी विचार करताहेत. ते म्हणाले, नोकरी देतो, पण एक अडचण आहे. कॉफीचा दाणा आजूबाजूचा वास ओढून घेतो. कांदा, साबण, रॉकेल, काहीही. "तुझ्यावर माझा काही राग नाही. हे शास्त्र आहे." मग म्हणाले, "हात पुढे कर."

शास्त्र म्हटल्यावर मी काय बोलणार? आणि गोष्ट खोटीही नव्हती. दाणा खरंच वास ओढतो. एकदा कुणीतरी पोत्याशेजारी फिनेल ठेवलं तर सगळं पोतं वाया गेलं होतं, मीच ते ओळखलं होतं. म्हणून तर मी फसले. खोट्या नियमाशी भांडता येतं. खऱ्या नियमात कुणी आपली घाण मिसळली तर ती वेगळी काढायला वेळ लागतो, ते काही जवळा निवडणं नाही.

दोन-तीन महिन्यांत मी निवडण्यावरून भाजण्यावर आले. मला कुणी आणलं नाही, माझ्या नाकानं आणलं. भट्टी म्हणजे एक फिरता पिंप, खाली गॅस, पुढे जाळीचं मोठं गोल ताट. भाजलेले दाणे त्या ताटात पडतात आणि ताटाखालचा पंखा वरची हवा दाण्यांतून खाली ओढून त्यांना गार करतो. सर घड्याळ लावून भाजायचे. वहीत मिनिटं लिहायचे. पावसाळा आला आणि घड्याळ चुकायला लागलं. दमट हवेत दाणा उशिरा तापतो, मध्येच ऊन पडलं की लवकर. अशाच एका उन्हाच्या दुपारी सर वहीत बघत होते आणि मी मागून म्हटलं, सर, आता काढा. ते म्हणाले, अजून दोन मिनिटं आहेत. ती भाजणी करपली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पिंपाजवळ उभं केलं.

कच्चा दाणा तापताना आधी ओल्या गवताचा वास येतो, मग भाजक्या पावासारखा, मग तडतड सुरू होते. पहिली तडतड थांबते आणि दुसरी सुरू होते, त्यांच्या मध्ये जागा असते, अगदी थोडी. त्या जागेत दाणा बाहेर काढायचा. ते कानाला आणि नाकाला समजतं, घड्याळाला नाही. मला समजायचं. बोंबील नीट वाळलाय की आतून कुजायला लागलाय, हे वाळवणाच्या मांडवाखालून चालताना सांगणारं नाक होतं माझं. आईनं दिलेलं.

राव मॅडम म्हणून एक बाई यायच्या. माटुंग्याहून वसईला राहायला आलेल्या, निवृत्त शिक्षिका, जन्मभर फिल्टर कॉफी प्यायलेल्या. त्यांच्या जिभेला सगळं दुकान भ्यायचं. एकदा पेला खाली ठेवून म्हणाल्या, सुंदर भाजलंय, कुणी भाजलं? सर म्हणाले, मीच. मी पिंपाआड उभी होते. मला राग आला नाही. मला आनंद झाला की मॅडमना आवडलं. एवढी मी वाकलेली होते.

माझं नाक दिवसभर वापरायचं आणि सकाळी माझेच हात हुंगायचे. हे दोन्ही एकाच माणसाचं चाललंय, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं.

उलट मी घरी तमाशे सुरू केले. आधी मासळीला हात लावणं बंद केलं. मग खाणं बंद केलं. कामाचे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचे. आईची पाटी घरात ठेवू द्यायची नाही. ती पडवीत ठेवली तर पडवीत का म्हणून भांडायची. आई एकदा कालवण वाढायला आली तर मी ताट बाजूला सारलं आणि म्हटलं, तुझ्या हाताला वास येतो. तिनं हात लुगड्याला पुसले. आजही हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो.

आणखी एक सांगते, ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही.

एका दुपारी आई माणिकपूरला आली. त्या दिवशी तिची पाटी लवकर रिकामी झाली होती. रिकामी पाटी काखेत धरून ती दुकानासमोर फुटपाथवर उभी राहिली आणि काचेतून आत बघायला लागली. मी काय करते ते तिला बघायचं होतं. आत राव मॅडम होत्या, आणखी दोघं-तिघं होते. सरांनी बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी धावत बाहेर गेले. आई हसत होती. म्हणाली, तुझी ती काफी मला पन दे ना गो जरा, बघू कशी लागते.

मी म्हटलं, "दुकान बंद आहे."

 आई बरं म्हणाली आणि स्टेशनकडे चालायला लागली. मी आत आले तेव्हा एका बाईनं विचारलं, कोण होती गं. मी म्हटलं, आमच्या गावची आहे एक.

सर माझ्याकडे बघून हसले. शाबासकी दिल्यासारखे. आणि मला ती शाबासकी गोड लागली.

पुढच्या श्रावणात सरांच्या आई दुकानात यायला लागल्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. काकू प्रेमळ. मला जुने ड्रेस द्यायच्या, दुकानात आल्यावर बदलायला म्हणून. खोबऱ्याची वडी द्यायच्या, वरून हातात टाकायच्या. गल्ल्यामागे त्यांनी छोटं देवघर करून घेतलं होतं. श्रावणभर रोज सकाळी पूजा, आणि पूजेनंतर धुपाटण्यात निखारे घालून त्यावर ऊद टाकायचा आणि तो धूर सगळ्या दुकानात फिरवायचा. बरण्यांवरून, पोत्यांवरून, गल्ल्यावरून. भट्टीपाशी त्या जास्त वेळ थांबायच्या, कारण भट्टी म्हणजे लक्ष्मी. सकाळची पहिली भाजणी तेव्हा ताटात गार होत असायची. काकू म्हणायच्या, "तू जरा लांब हो गं, मी ऊद फिरवत्येय." मी लांब व्हायची. त्या ताटावर तीनदा धुपाटणं ओवाळायच्या. खालचा पंखा चालू असायचा आणि धूर दाण्यांतून खाली जायचा. माझ्या डोळ्यांदेखत. रोज.

आठवड्याभरात दाण्याला काहीतरी होतंय हे मला जाणवलं. ओंजळ नाकाशी नेली की मध्ये काहीतरी परकं यायचं. पण मी ते स्वतःशीही नीट बोलले नाही. दुकानात वाईट वास म्हटला की तो माझाच, हे मी इतकं धरून चालले होते की नाकाला कळलेलं मनापर्यंत पोचत नव्हतं. मी काय केलं? मी लिंबाची एक फोड वाढवली. घरून निघताना हात धुवायचे, मोरीवर धुवायचे, दुपारी पुन्हा धुवायचे. बोटांची साल निघाली.

तिसऱ्या शनिवारी दुकान भरलेलं होतं. पिंपात भाजणी चढवून मी उभी होते. राव मॅडम आल्या. हातात आमचेच दोन पुडे, फोडलेले. काउंटरवर ठेवून म्हणाल्या, ह्याला वास येतोय, हा आधी कधी यायचा नाही. रांगेतल्या एका गृहस्थांनीही मान डोलावली. म्हणाले, आमच्याकडंही तीच तक्रार आहे, मिसेस म्हणाली दुकानदाराला विचारा.

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पुडा हुंगला. एकदा, दोनदा. मग मागे वळले.

"इकडे ये. हात पुढे कर."

सात-आठ माणसं होती. मी पिंपापासून काउंटरपर्यंत चालत गेले आणि हात पुढे केले. साल निघालेले, लाल झालेले हात. सर वाकले. नेहमीपेक्षा जास्त वेळ हुंगत राहिले. मग सरळ झाले आणि माझ्याशी नाही, गिऱ्हाइकांशी बोलले.

"बघा, हे असं होतं. कितीही सांगा, घरची सवय जात नाही. मासळीचा वास येतोय हाताला."

रांगेतली एक बाई नाकाला पदर लावून मागे सरकली. ती माझ्यापासून चार हात लांब होती.

मी मासळीला शिवले त्याला वर्ष उलटून गेलं होतं. वर्षभर मी आईच्या हातचं जेवले नव्हते. माझ्या हातांना लिंबाचा, साबणाचा, कॉफीचा वास असेल. मासळीचा असणं शक्यच नव्हतं. आणि या माणसाला तो येत होता. डोळे मिटून, मन लावून येत होता.

त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. हा माणूस माझे हात हुंगतच नव्हता. पहिल्या दिवसापासून नव्हता. मी जवळ्याचं नाव काढलं तेव्हा जो वास त्याच्या डोक्यात बसला, तोच तो रोज सकाळी तपासत होता. मी हात कातडीपर्यंत सोलले असते तरी तो वास गेला नसता. कारण तो माझ्याकडे नव्हताच. आणि त्याच्यासाठी मी माझ्या आईला दुकानाच्या दारातून परत पाठवलं होतं.

मी काउंटरवरचा पुडा उचलला आणि हुंगला. दीड वर्षात पहिल्यांदा न घाबरता हुंगला. त्याला एक क्षणसुद्धा लागला नाही.

मी म्हटलं, "सर, हा मासळीचा वास नाही. उदाचा आहे. काकू सकाळी ताटावर धूर फिरवतात, तेव्हा खालचा पंखा चालू असतो. दाणे तो धूर ओढून घेतात."

काकू गल्ल्यामागे खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या देवावर थुंकले होते. सर हळू आवाजात म्हणाले, "देवाच्या धुपाला वास म्हणतेस?"

मी राव मॅडमकडे पाहिलं. ती एकच बाई होती तिथं जिच्या नाकावर माझा विश्वास होता. त्यांनी पुडा घेतला, पुन्हा नाकाशी धरला. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं. त्यांनी पुडा खाली ठेवला, घड्याळात पाहिलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या ना, मला दुसरा पुडा द्या. मला घाई आहे." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या दुसऱ्या पुड्यालाही तोच वास असणार होता आणि तरी त्या तो घेऊन गेल्या.

काकू पदरानं डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, हिला मी लेकीसारखं केलं. सरांना आता धीर आला. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, उद्यापासून मी मागच्या खोलीत बसून फक्त कच्चे दाणे निवडायचे. भाजलेल्याला हात लावायचा नाही. पुढे यायचं नाही. "तरी ठेवतोय तुला, हे लक्षात ठेव. जा, हात धुऊन ये."

मी गेले नाही.

"आता तुमचे हात दाखवा, सर."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. सकाळी धुपाटण्यात निखारे त्यांनीच भरले होते, मी पाहिलं होतं. मी माझा हात पुढे करून थांबले. त्यांचा हात हातात घेऊन हुंगायला. दुकानातली सगळी माणसं आता त्यांच्या हातांकडे बघत होती.

त्यांनी हात पँटच्या खिशात घातले.

तेवढ्यात मागे पिंपात तडतड सुरू झाली. सरांनी सवयीनं माझ्याकडे पाहिलं. कधी काढायचं ते मी सांगणार म्हणून. ते पाहणं मी विसरणार नाही. एवढं सगळं झाल्यावरही त्यांना माझं नाक हवंच होतं. मला ती भाजणी सोडवेना, हे कबूल करते. हात शिवशिवत होते. चांगले दाणे होते, मी स्वतः निवडलेले. पण मी एप्रन काढला, स्टुलावर ठेवला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. दीड वर्ष मी मागच्या दारानं ये-जा केली होती. फुटपाथवर दहा पावलं गेले असेन, तेव्हा करपल्याचा वास आला. मी वळून पाहिलं नाही.

तिथून विरारच्या बाजारात गेले. आई नेहमीच्या जागी बसलेली होती. तिनं पोतं जरा सारून जागा केली. मी बसले. सगळं सांगितलं. सर, ऊद, हात, सगळं. मग तेही सांगितलं की त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले. आई सोड्यांचा, सोललेल्या सुक्या कोळंबीचा, वाटा लावत होती. वर न बघता म्हणाली, "म्हाईत हाय बाय. मशिनीचा आवाज येत व्हता."

मला माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. संध्याकाळपर्यंत मी तिच्या शेजारी बसून मासळी विकली.

दोन आठवड्यांनी प्राची अर्नाळ्याला आली. एस.टी.नं, पत्ता शोधत. सरांनी पाठवलं होतं. निरोप असा की परत ये, भाजण्या बिघडताहेत. हात हुंगणार नाही, पगार वाढवतो. एकच म्हणणं, त्या दिवशीचं कुणाकडे काढायचं नाही, काकूंचं मन दुखावलंय. मग आवाज खाली आणून प्राची म्हणाली, "तुझं बरोबर होतं गं. ऊद बंद केलाय आता. देवघर घरी नेलं."

म्हणजे त्यांनी तपासलं होतं. खरं काय ते त्यांना समजलं होतं. चूक गुपचूप दुरुस्त केली आणि डाग माझ्या अंगावर तसाच ठेवला. त्या क्षणी मला जो संताप आला तो दुकानातही आला नव्हता. मी प्राचीला निरोप दिला. म्हटलं, सरांना सांग, एका शनिवारी दुकान भरलेलं असताना, राव मॅडम असताना, वास कशाचा होता ते त्यांनी तोंडानं सांगावं. त्याच दिवशी मी कामावर येईन, आहे त्या पगारात.

प्राची म्हणाली, "एवढं ते नाही बोलणार."

"आणि तू?" मी विचारलं. "तू दीड वर्ष बघत होतीस."

ती खाली बघायला लागली. इथं तिला चिठ्ठ्या चिकटवायला पुडे नव्हते. चहा न घेताच ती गेली. शनिवार आले आणि गेले. मला बोलावणं आलं नाही.

त्याच सुमारास घरात आणखी एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. पाऊस सरला की आमच्या अंगणात मासळी साफ करायला कातकरी बाया यायच्या. त्यांच्यासाठी कुडाला एक करवंटी अडकवलेली होती. त्यांना पाणी त्याच करवंटीत, वरून ओतून. ओतायचं काम लहानपणापासून माझं. कुणी मला शिकवलं नव्हतं, बघून आलं होतं. दहा-बारा वर्षं मी ओतत आले आणि मला कधी काही वाटलं नाही. सरांना तरी कुठं वाटत होतं? मी करवंटी काढली आणि चुलीत घातली. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायांना घरातल्या पेल्यांत पाणी दिलं तर पहिल्या दिवशी त्यांनी घेतलं नाही, एकमेकींकडे बघत राहिल्या. त्यांनी लगेच घ्यावं अशी अपेक्षा करणारी मी कोण? पेले रोज ठेवत राहिले.

नंतरच्या वर्षांत मी दोन-तीन ठिकाणी भट्टीवर काम केलं, कॉफीच्या आणि शेंगदाण्याच्याही. प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी मालकाला समोर बसवून सांगितलं. मी अर्नाळ्याची. आई मासळी विकते. मी काल मासळी खाल्ली, उद्याही खाईन. दाण्याला वास लागतो हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून भट्टीच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकानं हात धुवायचे, मी, तुम्ही आणि तुमच्या घरचेही. गजरा बाहेर, सेंट बाहेर, ऊद बाहेर. हुंगायचे असतील तर सगळ्यांचे हुंगा आणि सुरुवात तुमच्यापासून करा.

काही जण हे ऐकून उठले. एकानं फार बोलतेस म्हटलं. मी चालती झाले आणि त्या महिन्यात घरी चूल कशी पेटली ते माझं मला माहीत. तरी मी हे सांगणं सोडलेलं नाही आणि सोडणार नाही. एकटीला बाजूला काढून तिचे हात हुंगणारा नियम माझ्यासमोर पुन्हा कुणी आणला, तर मी हात पुढे करणार नाही. आणि माझ्या शेजारी उभी असलेली दुसरी कुणी करायला लागली, तर मी खाली बघणार नाही. तिचं मनगट धरीन आणि तिचा हात मागे ओढीन.